जुन्या फाँटांतून युनिकोडकडे: एका मासिकाच्या दफ्तरातले काम

पुण्यातून निघणाऱ्या एका मराठी मासिकात मी उपसंपादक म्हणून काम करते. नेहमीच्या संपादनाखेरीज गेली काही वर्षे माझ्याकडे आणखी एक जबाबदारी आहे. १९९०च्या दशकात आमच्या कार्यालयात संगणक आला, तेव्हापासून डीटीपीवर (संगणकावर पाने जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेल्या सर्व अंकांचा मजकूर जुन्या फाँटांतून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणायचा, तो तपासायचा आणि हवा तेव्हा शोधता येईल अशा रूपात जपून ठेवायचा, असे ते काम आहे. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एका बाजूने फाइल घालायची आणि दुसऱ्या बाजूने काढायची, एवढेच ते असेल असे आमच्या व्यवस्थापनाला सुरुवातीला वाटले होते आणि त्या हिशेबानेच ते नेमून दिले गेले. प्रत्यक्षात ते संपादनाचे काम निघाले, आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग ज्या व्यक्तीला ठाऊक होता तिची जागाच त्या सुमारास कमी करण्याचे घाटत होते. हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटतो, कारण अशी दफ्तरे महाराष्ट्रात एक-दोन नाहीत. वृत्तपत्रे, प्रकाशन संस्था, ग्रंथालये, सहकारी बँका, शाळा, या सगळ्यांकडे वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर याच अवस्थेत पडून आहे.

कामाला निमित्त झाले ते एका जुन्या वर्गणीदारांच्या फोनचे. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती आणि संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने ते वाचन करत होते. आमच्या नव्या अंकांतले लेख त्यांना नीट ऐकू येत, पण जुन्या दिवाळी अंकाची पीडीएफ उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गलबला सुरू होई. ‘तुमचा अंक मी तीस वर्षे वाचला आणि आता तो माझ्याशी भलत्याच भाषेत बोलतो,’ असे ते म्हणाले. ही तक्रार अक्षरशः खरी होती.

जुन्या मराठी फाँटांत मराठी फक्त डोळ्यांना दिसते, संगणकाच्या लेखी ती मराठी नसते. त्या काळी संगणकाच्या फाँटात चिन्हांसाठी जेमतेम अडीचशे घरे असत आणि ती सगळी इंग्रजी व इतर युरोपीय अक्षरांसाठी राखलेली असत. मराठी फाँट करणाऱ्यांनी त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा ग, काना, वेलांटी, रफार, द्य, क्त. फाइलमध्ये साठत होती ती इंग्रजी अक्षरेच. त्यांच्यावर मराठी रूप चढत होते ते फाँटामुळे, आणि तो फाँट काढून घेतला की आतले खरे उघडे पडत होते. प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या पद्धतीने बसवल्यामुळे एका फाँटातला मजकूर दुसऱ्या फाँटात नेला तरी तेच होई. त्या लोकांविषयी मला आदर आहे. पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने आणि अनेक खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्या अडीचशे घरांत देवनागरी बसवून दाखवली नसती, तर खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांपासून डीटीपीपर्यंतचा प्रवास मराठीला इतक्या लवकर करता आलाच नसता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. पण घरगुती आणि कार्यालयीन संगणकांवर ती वापरता येऊ लागली ती विंडोज २००० आणि मंगल हा फाँट आल्यावर. पाने लावण्याचे सॉफ्टवेअर तर त्यानंतरही कितीतरी वर्षे युनिकोड देवनागरी नीट मांडू शकत नव्हते. त्यामुळे छापील मराठीचे जग दीर्घ काळ जुन्या फाँटांवर चालले, आणि त्याला दुसरा इलाजही नव्हता.

आमच्या जुन्या फाइली पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. त्याची शेवटची, सातवी, आवृत्ती २००१ साली निघाली आणि पुढे तो बंद झाला. काही फाइली सीडींवर होत्या, काही त्याही आधीच्या साडेतीन इंची फ्लॉपींवर, आणि काही वर्षांच्या फाइली कुठेच नव्हत्या. जुना संगणक चालू करून, त्यावर पेजमेकर उघडून, प्रत्येक लेखाचा मजकूर फाँटांच्या खुणांसह बाहेर काढणे ही पहिली पायरी ठरली. या खुणा ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. लेखात मध्येच एखादे इंग्रजी नाव, ईमेलचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक इंग्रजी फाँटात असतो. खुणा टाकून नुसता मजकूर काढला, तर कोणते अक्षर खरे इंग्रजी आणि कोणते मराठीचा तुकडा, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि कन्व्हर्टर त्या इंग्रजी नावाचेही मराठी कडबोळे करून ठेवतो. पुष्कळ ठिकाणी घाईने हीच पायरी गाळली जाते आणि नंतरचे सगळे श्रम दुप्पट होतात.

इंटरनेटवर मिळणारा एक कन्व्हर्टर घेऊन आम्ही पहिला अंक त्यातून काढला. मजकूर मराठी दिसू लागला याचा सर्वांना आनंद झाला, पण वाचायला घेतल्यावर ‘वर्ष’चे ‘वषर्’, ‘अर्थ’चे ‘अथर्’, ‘सामर्थ्य’चे ‘सामथ्र्य’ आणि ‘स्थिती’चे ‘सि्थती’ झालेले दिसले. मराठी वृत्तपत्रांचे जुने लेख संगणकावर वाचणाऱ्यांना ही रूपे चांगली परिचित असतील. जुना फाँट डोळ्याच्या क्रमाने चालतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी टाइप होते, आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून तो त्या अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते. आधी व्यंजन, मग त्याची वेलांटी. आधी र, मग ज्यावर रफार द्यायचा ते अक्षर. त्यामुळे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते आणि प्रत्येक रफार उचलून पूर्ण जोडाक्षराच्या अलीकडे आणावा लागतो. जोडाक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ज्या कन्व्हर्टरला ओळखता येत नाही, तो रफार एकच अक्षर मागे नेतो आणि ‘सामथ्र्य’ तयार करतो.

मराठी संगणनासाठी वर्षानुवर्षे विनामोबदला राबणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींशी मी संपर्क साधला. त्यांतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी आपला कन्व्हर्टर आम्हाला नुसता वापरायला दिला नाही, तर त्याचा तक्ता, म्हणजे फाँटातल्या कोणत्या चिन्हाच्या जागी युनिकोडचे कोणते अक्षर घालायचे याची यादी, कसा वाचायचा आणि दुरुस्त करायचा हेही फोनवर शिकवले. आमची कधी भेट झालेली नाही. मराठीत आज संगणकावर जे सहज करता येते, त्यातले पुष्कळसे अशा माणसांनी रात्री जागून केलेले आहे, आणि त्यांच्या कामाची दखल आपल्या सांस्कृतिक संस्थांनी आजवर घेतली आहे त्याहून कितीतरी अधिक घ्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

नव्या कन्व्हर्टरने रफार आणि वेलांट्या बऱ्याच जागेवर आल्या. तरीही एका विशिष्ट कालखंडातल्या अंकांत विचित्र चुका राहत होत्या. ‘विद्यार्थी’ कुठे बरोबर येई, तर कुठे ‘विद्याथीर्’. एकाच तक्त्यातून एकाच शब्दाची दोन रूपे निघत होती, म्हणजे मूळ फाइलीतच तो दोन तऱ्हांनी टाइप झालेला होता. कारण कुणालाच सांगता येईना. शेवटी मी ते पान घेऊन आमच्या टंकलेखिका ताईंकडे गेले.

ताई आमच्याकडे संगणक आला त्या वर्षापासून जुळणी करत आहेत. त्याआधी त्यांनी मराठी टाइपरायटरवर काम केले होते आणि मिनिटाला ४० शब्दांची सरकारी परीक्षा दिली होती. मी दाखवलेला ‘विद्याथीर्’ त्यांनी क्षणभर पाहिला आणि विचारले, ‘हा त्या जुन्या लेझर प्रिंटरच्या वेळचा अंक आहे का गं?’ तो तेव्हाचाच होता. मग त्यांनी सांगितले, की त्या फाँटात दीर्घ वेलांटी आणि रफार यांचे एक जोडचिन्ह होते, पण त्या प्रिंटरवर बटर पेपरवर प्रत काढली की ते चिन्ह काळे होऊन वरच्या ओळीच्या उकाराला चिकटे. म्हणून त्या रफार आणि वेलांटी वेगवेगळे टाइप करत, रफार थोडा डावीकडे सरकवत, आणि जागा नीट बसावी म्हणून कधी वेलांटी आधी घेत तर कधी रफार आधी. प्रिंटर बदलल्यावर त्यांनी पुन्हा जोडचिन्ह वापरायला सुरुवात केली. ‘तेव्हा पान सुंदर दिसणं एवढंच बघायचं होतं. आत काय साठतंय ते कोण बघणार होतं?’ असे त्या म्हणाल्या.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक दोनशेपानी वही काढली. निळ्या शाईने आखलेल्या तिच्या रकान्यांत, ऑल्ट ही कळ दाबून कोणता आकडा मारला की कोणते चिन्ह येते, हे लिहिलेले होते: द्ध, द्व, ह्म, ट्ट, ङ, ऋ, अवग्रह, विसर्ग. कळफलकावर न मावणारी ही चिन्हे आकड्यांनी आणावी लागत, आणि फाँट बदलला की आकडे बदलत. त्या वहीत प्रत्येक फाँटाचे वेगळे पान होते आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात तो फाँट कोणत्या महिन्याच्या अंकापासून सुरू झाला याची नोंद होती. काही चिन्हांपुढे ‘नाही’ असे लिहून त्या चिन्हाचे काम कसे भागवायचे तेही टिपलेले होते. ‘वाङ्मय’ या शब्दासाठी लागणारे चिन्ह एका फाँटात नव्हते, तेव्हा ताई ‘ड’ टाइप करून त्याच्या पोटाशी पूर्णविराम सरकवत आणि हलन्त देत. छापील पानावर ते इतके चोख दिसे, की मुद्रितशोधकालाही शंका आली नसती. आमचे मासिक वाङ्मयीन असल्यामुळे तो शब्द पानोपानी होता, आणि कन्व्हर्टरमधून तो जागोजागी डकार आणि पूर्णविराम घेऊन बाहेर पडत होता. ‘दुःख’मधला विसर्गही असाच. त्यासाठी आकडा मारण्यापेक्षा अपूर्णविराम दाबणे जलद, म्हणून ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’ या सगळ्यांत विसर्गाऐवजी दोन टिंबांचे विरामचिन्ह साठले होते. डोळ्यांना फरक कळत नाही, पण ‘दुःख’ शोधणाऱ्या माणसाला त्या लेखांपैकी एकही सापडणार नाही.

त्या वहीवरून आम्ही प्रत्येक फाँटाचा आणि प्रत्येक कालखंडाचा वेगळा तक्ता केला. ताई शेजारी बसून सांगत होत्या आणि मी संगणकात भरत होते. या बैठकांत जे कळले ते कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात नव्हते. ओळ भरावी म्हणून लांब शब्द त्या हाताने तोडत आणि संयोगचिन्ह देत. ती चिन्हे आता ओळीच्या मध्ये येऊन ‘महा-राष्ट्र’ असे तुटके शब्द उरले होते. ‘आ’साठी अ आणि काना, ‘ओ’साठी अ आणि काना-मात्रा असे तुकडे जोडले जात, युनिकोडमध्ये ते तसेच आणले, तर काही प्रोग्रॅमांत हुबेहूब ‘आ’ दिसतो, काहींत कान्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, आणि शोधताना तो ‘आ’ म्हणून ओळखला जात नाही. ‘ॲ’चे तर तीन प्रकार निघाले. मराठीचा हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. तोपर्यंत कुणी अ वर चंद्र देत होते, तर कुणी हिंदीत वापरला जाणारा ‘ऍ’ घेत होते. ‘ऱ्या’चीही तीच कथा. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत अर्थाचा केवढा फरक पडतो हे मराठी वाचकाला सांगायला नको. ते चिन्ह युनिकोडमध्ये दोन रीतींनी साधता येते आणि दोन्ही रीती कागदावर सारख्याच दिसतात. या सगळ्यांसाठी एकच रूप ठरवून तेच सर्वत्र ठेवायचे, असा लेखी नियम आम्ही केला आणि तो नव्या अंकांनाही लागू केला.

याच सुमारास व्यवस्थापनाच्या बैठकीत टंकलेखकाची जागा बंद करण्याचा विषय आला. कारण समजण्यासारखे होते. आता बहुतेक लेखक मोबाइलवरच लेख लिहून युनिकोडमध्ये पाठवतात, हस्तलिखिते क्वचित येतात. जोडीला आणखी एक युक्तिवाद झाला, की युनिकोड आणायचे म्हणजे सर्वांनी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा कळफलक शिकला पाहिजे आणि या वयात ताईंना ते जमणार नाही. यातला दुसरा भाग मला अजिबात पटला नाही आणि तसे मी बैठकीत मांडले. फाँट, संकेतन आणि कळफलक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्षर कसे दिसते हे फाँट ठरवतो, ते आत कसे साठते हे संकेतन ठरवते, आणि बोट कुठे पडते हे कळफलक ठरवतो. युनिकोडमध्ये रेमिंग्टन, म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरच्या, पद्धतीच्या कळफलकानेही टाइप करता येते. त्यासाठीची साधने फुकट मिळतात. तीस वर्षे बोटांत मुरलेला वेग केवळ संकेतन बदलले म्हणून फेकून द्यायचे काहीच कारण नाही.

इनस्क्रिप्टचे गुण मी नाकारत नाही. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत, क आणि ख एकाच कळीवर आहेत, ‘ऱ’ आणि ‘ळ’ यांना त्यांची हक्काची जागा आहे, आणि एकदा शिकले की भारतातल्या बहुतेक लिपींत त्याच जागी बोटे पडतात. नव्याने शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्टच सुचवते आणि स्वतः तेच वापरते. पण ज्याला चांगले जमते आहे त्याच्यावर ते लादणे वेगळे. कार्यालयांत नवे तंत्र येते तेव्हा जुन्या माणसाला ‘जमत नाही’ असा शेरा फार पटकन मिळतो, आणि जे जमत नाही ते खरोखर आवश्यक होते का, हे कुणी तपासत नाही. आमच्याकडे ते तपासले गेले. ताईंच्या संगणकावर रेमिंग्टन कळफलक बसवला. काही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या निघाल्या म्हणून सुरुवातीला त्या अडखळल्या, पण लवकरच पूर्वीच्या वेगाने टाइप करू लागल्या. त्यांची जागा राहिली आणि तिचे नाव ‘दफ्तर संपादन साहाय्यक’ असे झाले. पगारश्रेणीही बदलावी यासाठी संपादकांनी आणि मी मिळून लेखी आग्रह धरला, कारण नुसत्या टंकलेखनाचे आणि या कामाचे मोल एकच धरणे अन्यायाचे झाले असते.

ज्या वर्षांच्या फाइली हरवल्या होत्या, त्यांच्यासाठी बांधीव अंक स्कॅन करून चित्रावरून अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर वापरले. आता मराठीसाठी ते बऱ्यापैकी चालते. मात्र त्याच्या चुकांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. कन्व्हर्टर चुकतो तेव्हा तो सगळीकडे एकसारखा चुकतो. चूक एकदा सापडली की तक्त्यात दुरुस्ती करून सर्व अंकांतून ती एकदम जाते. चित्रावरून वाचणारे सॉफ्टवेअर मात्र कुठेही चुकते. घ आणि ध, म आणि भ, थ आणि य यांची अदलाबदल होते, फिकट छपाईत अनुस्वार गळतो, आणि त्यातून बहुधा दुसरा खरा मराठी शब्दच तयार होतो, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही तो पकडता येत नाही. ‘घर’चे ‘धर’ झालेले वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून जिथे मूळ फाइल आहे तिथे ती कितीही कष्टाने उघडावी लागली तरी उघडावी, स्कॅनचा सोपा वाटणारा रस्ता घेऊ नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

अलीकडे एका तरुण सहकाऱ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनाकडून हा मजकूर दुरुस्त करून घेण्याची सूचना केली. सूचना मनापासून केलेली होती, म्हणून आम्ही ती करून पाहिली. कथांचे एक पान दिले. रफार आणि वेलांट्यांच्या चुका त्याने खरोखर उत्तम दुरुस्त केल्या. पण त्याबरोबर ग्रामीण कथेतल्या म्हातारीच्या तोंडचे ‘व्हतं’ बदलून ‘होतं’ केले, ‘म्या’चे ‘मी’ केले, आणि हे बदल केल्याचे सांगितलेही नाही. दुसऱ्या पानावर एका जुन्या निबंधाचे पुनर्मुद्रण होते. अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी लेखनातून गेले, पण तो निबंध त्याआधीचा असल्यामुळे आम्ही ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ अशी मूळ रूपे मुद्दाम ठेवली होती. ती सगळी पुसली गेली. दफ्तर जपायचे म्हणजे जे छापले गेले ते जसेच्या तसे जपायचे. लेखकाचे शब्द गुपचूप बदलणारे साधन, ते कितीही हुशार असले, तरी या कामात एकटे सोडता येत नाही. आता आम्ही त्याच्याकडून फक्त संशयास्पद शब्दांची यादी करून घेतो. बदल करायचा की नाही हे मूळ छापील अंक समोर ठेवून माणूस ठरवतो. एवढ्या मर्यादेत ते फार उपयोगी पडते आणि डोळ्यांचा ताण वाचवते.

लेखकसूची करताना आणखी एक प्रश्न आला. आमच्या बांधीव अंकांच्या सूचीत पूर्वीपासून ह नंतर ळ, क्ष, ज्ञ असा क्रम आहे. स्प्रेडशीटने अकारविल्हे लावताच क्षीरसागर आडनावाचे सारे लेखक ‘क’मध्ये जाऊन बसले, कारण युनिकोडच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. मराठीचा क्रम पाळणारे नियम आता तयार आहेत आणि संगणकाची भाषा मराठी ठरवून दिली की काही सॉफ्टवेअर ते पाळतातही; आमच्या स्प्रेडशीटमध्ये मात्र त्यासाठी क्रम ठरवणारा वेगळा रकाना करावा लागला. गोष्ट लहान आहे, पण सूची हे वाचकाशी केलेले वचन असते. जुन्या सूचीत जे नाव जिथे सापडत होते ते नव्या सूचीतही तिथेच सापडले पाहिजे, म्हणून तेवढा वेळ आम्ही दिला.

पहिले काही दिवाळी अंक पूर्ण तपासून झाले तेव्हा ते मी त्या वर्गणीदारांना पाठवले. त्यांनी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, लेख त्यांना व्यवस्थित ऐकता आले. दुसरी, एका लेखात प्रत्येक उपशीर्षकाच्या आधी आवाज ‘तारा, तारा, तारा’ असे म्हणतो, कारण तिथे सजावटीसाठी तीन फुल्या (***) टाकलेल्या होत्या. डोळ्यांनी तपासणाऱ्या आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक अंक जाहीर करण्याआधी एनव्हीडीएवर कानाने ऐकून तपासायचा, हा आमच्या कामाचा भाग झाला आहे. ताईंना हे काम विशेष आवडते. टाइपरायटरच्या दिवसांत एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून पडताळायचे अशी मुद्रितशोधनाची रीत होती, तीच आता संगणकाच्या आवाजावर चालते. कानाला खटकलेला शब्द डोळ्यांनी निसटलेला असतो, हे आम्ही वारंवार अनुभवले आहे.

आज गद्याचे बहुतांश अंक पूर्ण झाले आहेत. कवितांची पाने बाकी आहेत, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. कवितेतली ओळ कुठे तुटते, दुसरी ओळ किती आत सरकते, दोन कडव्यांत किती जागा सुटते, हे सारे ताईंनी तेव्हा स्पेसबार आणि टॅब यांनी, कवींच्या हस्तलिखिताकडे पाहत साधलेले होते. कन्व्हर्टरमधून ही रचना विस्कटून निघते. स्क्रीनवर ती पुन्हा कशी उभी करायची, आणि लहान मोबाइलवर ओळ मोडली तर ती कवीची नाही हे वाचकाला कसे कळावे, याचा नमुना आम्ही सध्या तयार करत आहोत. ताई पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या वहीचे प्रत्येक पान स्कॅन करून आणि टाइप करून झाले आहे, आणि कवितांचे काम संपेपर्यंत आठवड्यातून ठरावीक दिवस मानधनावर येण्याचे त्यांनी मान्य केले आहे. पहिल्या कविता त्याच वर्षांतल्या घ्यायच्या, ज्यांची हस्तलिखिते कार्यालयाच्या कपाटात अजून आहेत, असे आमच्या दोघींचे ठरले आहे.